घारापुरी
करी रोडहून आगगाडीने भायखळ्यास उतरावे. राणीच्या बागेच्या आवारात दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा मुंबई बंदरातील घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटास 'एलिफंटा' म्हटले. १८६४ साली त्याचे तुकडे इकडे आणले. ते जोडले १९१४ साली!

गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने तासाभरात बेट येते. डोंगरात कोरलेल्या लेण्यात शिवाची सुमारे २० फूट उंचीची त्रिमुखी मूर्ती आहे. एक मुख उग्र, एक कोमल, मधले ध्यानमग्न. भोवतालच्या कित्येक मूर्तींचे हातपाय तुटलेले पाहून मात्र मन विषण्ण होते.

बेटावरील लोक मासळीही धरतात. समोर मुंबईचे दिवे रात्रभर लखलखत. त्यांच्या घरी समुद्राखालच्या तारेतून वीज पोहोचली ती २०१८ साली.