चाळीस लाखांची पाटी

नाझींनी मारलेल्या ज्यूंपैकी ५० लाखांची नावं नोंदवून झाली, असं जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने २०२५च्या नोव्हेंबरात जाहीर केलं. बातमी मी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकली. लगेच एका चार्टर्ड अकाउंटंटांनी विचारलं, 'ऑश्विट्झचा आकडा चाळीस लाखांवरून अकरावर आला, मग एकूण साठ लाख तसेच कसे?' हिशेबातल्या माणसाने हे विचारावं, याचं जास्त लागलं.

साठ लाख हा आकडा न्यूरेंबर्गच्या खटल्यात आला. ज्यूंची छावण्यांकडे रवानगी पाहणाऱ्या आइखमानकडून ऐकला म्हणून नाझींच्या एसएस दलातल्या होट्लने तो प्रतिज्ञापत्रात दिला. पुढे इतिहासकारांपैकी रायटलिंगर (१९५३) ४२ ते ४६ लाखांवर थांबला, हिलबर्ग (१९६१) ५१ लाखांवर. नंतरची बरीच वर्षं तळटीपांच्या भांडणांत गेली, ती सोडू.

नव्वदचं दशक मात्र मी वृत्तपत्राच्या डेस्कवर बसून पाहिलं. ऑश्विट्झ-बिर्केनाऊच्या स्मारकावरची 'चाळीस लाख' सांगणारी पाटी १९९० मध्ये उतरवली गेली. तो आकडा १९४५च्या सोव्हिएत आयोगाचा, प्रेतं जाळायच्या भट्ट्यांच्या क्षमतेवरून काढलेला. पाटीवर ज्यूंचा उल्लेखही नव्हता! तिथल्या संग्रहालयाचे इतिहासकार फ्रान्चिशेक पीपर यांनी भट्ट्या सोडून माणसं आणणाऱ्या रेल्वेगाड्या मोजल्या: हंगेरीतून चार लाखांवर, पोलंडमधून तीन लाख, फ्रान्समधून ६९ हजार. एकूण १३ लाख माणसं आणली गेली, ११ लाख मेली, त्यांत सुमारे दहा लाख ज्यू.

आमच्या दैनिकात गाड्यांचा हा परिच्छेद जागेअभावी उडाला आणि 'ऑश्विट्झचे बळी घटले' एवढा मथळा राहिला. मी कुरकुरलो, तर वरिष्ठ म्हणाले, वाचकाला हिशेब नको असतो. गटात आज फिरतं ते तेच अर्धं वाक्य. हिलबर्गने ऑश्विट्झचे ज्यू दहा लाखच धरले होते. पाटीवरचे चाळीस लाख बेरजेत नव्हतेच, तर वजा कशातून करणार?

काही इतर छावण्यांचा हिशेबही पुढे मिळाला: २००० साली ब्रिटिश अभिलेखागारात एसएस अधिकारी होफ्लची तार हाती लागली. जानेवारी १९४३ची, ब्रिटिशांनी तेव्हाच पकडलेली, पण अर्थ न कळल्याने पडून राहिलेली. ट्रेब्लिंका, बेल्झेत्स, सोबिबोर, मायदानेक या छावण्या मिळून १९४२ अखेर १२,७४,१६६ ज्यू. मारेकऱ्यांची वही एककापर्यंत चोख.

याद वाशेमची उरलेली नावं अडली आहेत ती मुख्यतः युक्रेन-बेलारूसकडची. तिथे गावाबाहेरच्या खड्ड्यांशी गोळ्या घातल्या, गाड्यांच्या याद्या झाल्या नाहीत, आणि नाव सांगायला अनेक घरांत कुणीच उरलं नाही.