मायक्रोमोटर घेताना फेऱ्यांचा आकडा नव्हे, हॅन्डपीस पारखा

दागिन्यांची घडाई, खडे बसविणे, चांदीवर नक्काशी, अकीकच्या अंगठीवर नाव कोरणे अशी कामे करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांच्या हाती आता छिन्नी व कलमेबरोबर मायक्रोमोटरही आली आहे. यंत्र लहान, पण नगावर मजुरी घेणाऱ्या माणसाला त्याची किंमत लहान नसते. दुकानात गेल्यावर बहुतेकजण एकच प्रश्न विचारतात, ‘फेरे किती?’ आणि खोक्यावर ज्याचा आकडा मोठा ते यंत्र उचलतात. ठाणावरचा शिक्का वाचून कोणी कापड घेत नाही, पोत हाताने पाहतो. इथेही तसेच केले पाहिजे.

लटकती मोटर की मायक्रोमोटर?

दागिन्यांच्या कारखान्यांत जुनी ओळख आहे ती लटकत्या मोटरीची. मोटर वर टांगलेली असते, लवचिक शाफ्टमधून फिरकी हातापर्यंत येते आणि वेग पायाच्या पेडलने कमी-जास्त होतो. ती कमी वेगातही जोर देते. तिच्या साध्या चावीच्या चकमध्ये 4 मिलिमीटरपर्यंतच्या जाडीची हत्यारे बसतात. घासणे, मोठी भोके पाडणे, पॉलिश करणे यांसाठी ती आजही उत्तम. मात्र शाफ्ट ताठ असल्याने बारीक वळणावर मनगट अडते.

मायक्रोमोटरीत मोटर हॅन्डपीसच्या पोटातच असते. हाताला फक्त मऊ वायर जोडलेली असते, त्यामुळे हात मोकळा फिरतो. अक्षरे, वेलबुट्टी, खड्यांची घरे या कामांना ती सोयीची. ज्याचे बहुतेक काम जाड आहे, त्याने केवळ नवी वस्तू म्हणून ती घेऊ नये.

वेग आणि जोर

बऱ्याच मायक्रोमोटरी मिनिटाला 30 ते 40 हजार फेऱ्यांच्या असतात. पण कामात तो वेग क्वचितच लागतो. मेणाच्या साच्यावर वेग वाढवला की मेण वितळून बरला चिकटते. धातूत भोक पाडताना वेग जास्त झाला की ड्रिल तापून त्याची धार जाते. म्हणून खरी परीक्षा कमी वेगात होते. दुकानात वेग अगदी खाली ठेवून बर लाकडावर टेकवून पाहावा. हलक्या दाबाने मोटर थांबत असेल तर तिच्यात जोर नाही.

हॅन्डपीसची पारख

बारीक बर लावून मोटर सावकाश चालवावी आणि टोकाकडे नीट पाहावे. टोक एका जागी स्थिर दिसले पाहिजे. ते लहानसे वर्तुळ काढत असेल तर अक्षराची रेघ कधीच स्वच्छ येणार नाही. नंतर दहा मिनिटे चालू ठेवून हॅन्डपीस हातात धरावा. तो फार तापला, खरखर आवाज आला किंवा बोटांना थरथर जाणवली, तर बेअरिंगमध्ये दोष समजावा. कॉलेट साधारणपणे 2.35 मिलिमीटरचे असते. आपल्याकडचे बर 3 मिलिमीटरचे असतील तर त्या मापाचे कॉलेट मिळते का, हे आधीच विचारावे.

ब्रशवाल्या मोटरीत कार्बन ब्रश झिजतात व बदलावे लागतात. ते स्वस्त असतात, पण आपल्या बाजारात मिळाले पाहिजेत. बिनब्रशची मोटर महाग, मात्र तिला ही कटकट नाही. जपानी व कोरियन मालाचे नाव मोठे असल्याने त्यासारख्या दिसणाऱ्या नकलाही विकल्या जातात. जीएसटीचे पक्के बिल, वॉरंटीचा कागद आणि दुरुस्ती करणारा माणूस, या तिन्ही गोष्टी नक्की झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

घरी आणल्यावरही शिस्त हवी. चालू मोटरीत कॉलेट उघडू नये, फिरत असताना उलटी दिशा देऊ नये, कॉलेट रिकामे ठेवून मोटर चालवू नये आणि वाकडा बर लावू नये. हॅन्डपीस एकदा जोरात पडला तरी बेअरिंग बिघडू शकते, म्हणून त्याला ठेवायला स्टँड असावा.

धूळ आणि अमानत

अकीक हा कठीण दगड आहे. त्यावर डायमंड बरच चालतो, तोही पाण्यासोबत. कोरडे काम केल्यास उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते. खंभातच्या अकीक कारागिरांत सिलिकोसिसचा आजार याच धुळीने पसरला आणि तो बरा होत नाही. पाणी थेंबथेंब सोडावे, टोक खाली धरावे म्हणजे ते हॅन्डपीसमध्ये शिरणार नाही. अर्थिंग पक्के असावे. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला पुरत नाही, चांगला मास्क लावावा.

सोन्याच्या कामात कानशीचा कीस जवळ पडतो, बरचा कीस दूर उडतो. घट वाढली तर व्यापारी कारागिराकडे बोट दाखवतो. गिऱ्हाइकाचे सोने ही अमानत आहे. म्हणून बाजूंनी बंद ट्रे व खाली कापड ठेवावे आणि रोजचा कीस रोज तोलावा.

पैशाचा हिशेब

समजा यंत्राला 12,000 रुपये पडले आणि त्यामुळे महिन्याला 2,000 रुपयांचे जादा काम सुटले, तर सहा महिन्यांत रक्कम वसूल होते. असा हिशेब बसत नसेल तर घाई नको. व्याजाच्या कर्जाने किंवा व्यापाऱ्याच्या उचलीवर यंत्र घेतले, तर मजुरी ठरवण्याची मोकळीक जाते. दोन-तीन कारागिरांनी मिळून एक चांगले यंत्र घेणे, वेळ वाटून घेणे आणि दुरुस्तीचा खर्च आधी लिहून ठेवणे हा मार्ग बरा. खरेदीला जाताना आपले नेहमीचे बर, धातूचा एक तुकडा आणि शक्य तर एक अनुभवी उस्ताद सोबत न्यावा.