बाटलीचंही वजन

ॲनिमल हाऊसमध्ये सकाळचं पहिलं काम वजनाचं. उंदीर काळे, ‘ब्लॅक सिक्स’ वाणाचे, वीस-बावीस ग्रॅमचे. शेपटीला धरून उचललं की बिथरतात, ओंजळीत घेतलं की सहज येतात. म्हणून मी ओंजळीतच घेते.

त्यांच्या पिण्याच्या पाण्यात डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम असतं, सहसा २ ते ५ टक्के. त्याने मोठ्या आतड्याचं अस्तर सोलवटतं, आतले जंतू भिंतीला भिडतात आणि सूज भडकते. माणसाच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसशी त्याचं बरंच साम्य आहे. काही दिवसांत लेंडी मऊ पडते, मग चिकट होते, मग तिला रक्त लागतं. केस विस्कटतात, पाठ वाकते. वजन, लेंडी, रक्त असे तिन्ही गुण रोज वहीत चढतात. वजन फार घसरलं तर प्रयोग पुरा होण्याची वाट न पाहता त्या जनावराची यातना संपवायची, हे नीतिसमितीच्या मंजुरीतच लिहिलेलं असतं. आकडा हातचा जातो. जाऊ द्यावा.

तपासायचं औषध म्हणजे जीएलपी-२, जेवणानंतर आतड्यातूनच स्रवणारं संप्रेरक. ते आतड्याचं अस्तर वाढवतं, हे टोरांटोच्या डॅनियल ड्रकर यांच्या गटाने १९९६मध्ये उंदरांत दाखवलं. पण शरीरातलं डीपीपी-४ हे विकर त्याला काही मिनिटांत तोडतं. म्हणून साखळीतलं दुसरं अमिनो आम्ल, ॲलनिन, काढून तिथे ग्लायसिन बसवलं. हे बदललेलं रूप टोचलेल्या आजारी उंदरांचं वजन कमी घटलं, असं त्याच गटाने १९९९मध्ये नोंदवलं. त्याच रेणूला, टेडुग्लुटाइडला, अमेरिकेत २०१२मध्ये मान्यता मिळाली, ती मात्र आखूड उरलेल्या आतड्याच्या रुग्णांसाठी.

शेवटच्या दिवशी मोठं आतडं काढून पट्टीशेजारी सरळ ठेवतात. सुजलेलं आखडतं, जाड होतं. औषधाच्या गटाचं लांब निघालं की मन हरखतं, आणि नेमकं तिथेच थांबायला हवं: हा फरक खरंच औषधाचा आहे का?

रोजची सुई म्हणजे ताण. ताणाने उंदराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन चढतं, आणि ते स्वतःच सूज दाबणारं संप्रेरक आहे. म्हणून औषध न मिळणाऱ्या गटालाही तितक्याच वेळा, त्याच वेळेला, सलाइनची सुई टोचावी लागते. आणि सूक्ष्मदर्शकाखालची आतड्याची कुठली स्लाइड कुठल्या गटाची, हे ती वाचणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

पण सगळ्यात चकवणारी गोष्ट पाण्याची. औषधाने उंदराची तहान किंवा भूक मंदावली तर तो पाणी कमी पितो. म्हणजे आतडं सोलणारं रसायनच पोटात कमी जातं. आतडं वाचतं ते त्यामुळे, औषधाला फुकटचं श्रेय मिळतं. यावर उपाय साधा आहे: रोज बाटलीचंही वजन करायचं आणि ते पिंजऱ्यागणिक लिहायचं. शोधनिबंध हाती आला की मी आधी हा तक्ता शोधते. तो नसेल तर आतड्याचे फोटो कितीही देखणे असोत, माझा त्यांच्यावर विश्वास बसत नाही.