बातमीत चोराची जात कधी येते?

ज्यांच्याकडं रेंज नाही किंवा हेडफोन तुटलाय, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून टाकतोय. बोलताना जे राहून गेलं, तेही यात थोडं घातलंय.

मागच्या महिन्यात आमच्या आष्टी तालुक्यातल्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका न्यूज चॅनेलची क्लिप आली. खाली लाल पट्टी, मागं धडाम-धडाम म्युझिक, अँकर ओरडतोय, ‘पारधी टोळीचा धुमाकूळ’. सीसीटीव्हीत तोंड बांधलेले तीन जण. तोंड बांधलेलं असताना जात कुठून दिसली? हे कुणी विचारलं नाही. ‘सावध राहा’ म्हणत क्लिप पुढं गेली.

आता एक काम करा. चोरीच्या दहा बातम्या आठवा. घरफोडी, बँकेतला घोटाळा, पतसंस्था बुडवणारा चेअरमन, काहीही. त्यात ‘अमुक जातीच्या चेअरमननं पैसे खाल्ले’ असं कधी ऐकलंय? नाही ना. तिथं ‘आरोपी’, ‘एक इसम’, ‘संचालक’ असतात. पारधी, कैकाडी, वडार असला की मात्र जात थेट हेडलाइनमध्ये.

माझं काम सॉफ्टवेअरचं, म्हणून मला हे डेटासारखं दिसतं. समजा हजार चोऱ्यांमध्ये लेबल फक्त एकाच गटाला लावलं, बाकीचा कॉलम रिकामा. त्यावर मॉडेल ट्रेन केलं तर ते काय शिकेल? चोर म्हणजे तोच गट. बरं, जे हजारो पारधी ऊस तोडतात, शेतात राबतात, नोकऱ्या करतात, ते डेटात येतच नाहीत. पालावरच्या माणसानं आज दिवसभर काम केलं, ही काय बातमी आहे का? आपलं डोकंही तसंच ट्रेन होतं. अमेरिकेत जॉर्ज गर्बनर नावाच्या अभ्यासकानं हेच मांडलं: जास्त टीव्ही बघणाऱ्याला जग आहे त्यापेक्षा जास्त धोकादायक वाटायला लागतं. तिथं हा संशय काळ्या लोकांवर जातो, इथं पालावर.

पण लेबल टीव्हीनं शोधलेलं नाही. ते इंग्रजांचं. १८७१ मध्ये त्यांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. काही जमाती जन्मानंच गुन्हेगार, असं त्यांनी धरून चाललं. नाव नोंदवा, हजेरी द्या, परवानगीशिवाय गाव सोडू नका. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. म्हणजे गुन्हा न करता आत! ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, म्हणून तो विमुक्त दिन. पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ मध्ये. अँकर ज्या चवीनं ‘सराईत’ म्हणतो ना, तो शब्द कायद्याच्या पुस्तकातला आहे.

नुसता शब्दच ना, त्यानं काय होतं, असं वाटत असेल तर आपल्या महाराष्ट्रातलीच केस बघा. २००३ मध्ये नाशिकजवळ दरोडा, खून आणि बलात्काराचा भयानक गुन्हा घडला. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना धरलं. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. मग ५ मार्च २०१९ ला त्याच कोर्टानं आपला निकाल फिरवला आणि सगळ्यांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदारानं पोलिसांच्या फोटोंमधून वेगळेच चार जण ओळखले होते, त्यांची चौकशीच नीट झाली नव्हती. भरपाई प्रत्येकी पाच लाख. सोळा वर्षांचे पाच लाख, हिशोब तुम्हीच करा. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

पडद्यावर सगळं वाईटच असतं असंही नाही. नेटफ्लिक्सवर ‘दिल्ली क्राइम’चा दुसरा सीझन २६ ऑगस्ट २०२२ ला आला. त्यात पोलीस आधी विमुक्त जमातीच्या वस्तीतून माणसं उचलतात, आणि खरे गुन्हेगार दुसरेच निघतात. मला आवडला. फक्त एक खटकलं: वस्तीतली माणसं जास्त वेळ आरोपी म्हणूनच दिसतात. त्यांच्या घरात संध्याकाळी काय शिजतं, ते कॅमेऱ्याला माहीत नाही. ‘फॅन्ड्री’त नागराज मंजुळेंनी २०१३ मध्ये कैकाड्याचं घर आतून दाखवलं. जब्या आधी प्रेमात पडलेला पोरगा आहे, जात नंतर येते. आपल्या रोजच्या साडेसातच्या मालिकेत असा पोरगा मला तरी आठवत नाही.

ते क्लिपचं राहिलंच. आमच्या वर्गात एक पारधी मित्र होता. कुणाचा कंपास हरवला की सर न विचारता पहिलं त्याचं दप्तर उपडं करायचे. कंपास एकदाही सापडला नाही. मी बाजूलाच बसायचो, माझं दप्तर कधी कुणी उघडलं नाही, आणि मीही कधी तोंड उघडलं नाही. आता तो जेसीबी चालवतो, दोन पोरी आहेत.

तो त्या गावच्या ग्रुपमध्ये आहे. क्लिप त्यानंही बघितली असणार. मी अर्ध्या तासानं ग्रुपवर लिहिलं, ‘तोंड बांधलेलं आहे, जात कशावरून?’ तिघांनी हसायचे इमोजी टाकले. रात्री त्याचा फोन आला. क्लिपबद्दल तो एक शब्द बोलला नाही. म्हणाला, थोरलीला यंदा पाचवीला टाकायचंय, तुमच्याकडं पुण्यात एखादं हॉस्टेल आहे का?