लाल झालेली परीक्षानळी

मनोविकाराची खूण रक्तात सापडेल, ही आशा जुनी आहे आणि ती निराधार नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या मनोरुग्णालयांत भ्रमिष्ट म्हणून ठेवलेल्या पुष्कळांना मुळात सिफिलिस होता. १९०६ साली सिफिलिस ओळखणारी वासरमान यांची रक्तचाचणी आली. १९१३ साली नोगुची आणि मूर यांना अशा रुग्णांच्या मेंदूतच सिफिलिसचे जंतू दिसले. एका विकाराचं मूळ सापडलं, मग स्किझोफ्रेनियाचं का सापडू नये?

१९५७ साली स्वीडनच्या आकरफेल्ट यांना ते सापडल्यासारखं वाटलं. रुग्णाच्या रक्ताचा सीरम एका रसायनात मिसळला की नळीत लाल रंग चढे. निरोगी माणसाच्या सीरमने तो तितका चढत नसे. केवढी आशा त्या रंगाने दाखवली असेल! पुढे लक्षात आलं, की यात मोठा वाटा क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा होता. वर्षानुवर्षं रुग्णालयाच्या जेवणावर काढलेल्यांच्या अंगात ते कमी असायचं. ते दिलं की फरक मावळायचा. नळी आजार नव्हे, रुग्णाचं ताट दाखवत होती. १९५९ साली सीमोर केटी यांनी एका लेखात अशा चुका एकेक करून मांडल्या. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने तो लेख आधी वाचावा.

त्याच सुमारास न्यू ऑर्लिन्सच्या रॉबर्ट हीथ यांनी रुग्णांच्या रक्तातून काढलेलं 'टॅराक्सिन' कैद्यांना टोचलं आणि त्यांच्यात विकाराची लक्षणं दिसल्याचं सांगितलं. इतरांना तसं काही दिसलं नाही. तुरुंगातल्या माणसाच्या होकाराला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न मला आजही छळतो.

खरं यश २००७ साली आलं. अचानक भास होऊ लागलेल्या काही तरुणींमध्ये दालमाऊ यांना मेंदूच्या एनएमडीए रिसेप्टरवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. प्रतिकारशक्तीवर उपचार केले की यातल्या बऱ्याच जणी सावरतात. हा आजार मात्र मनोविकारांतून निघून मेंदूज्वराच्या खात्यात गेला, जसा सिफिलिसही मनोविकारांतून बाहेर पडला होता. २०१० साली अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी ५१ घटकांची रक्तचाचणी विकायला आली, ती टिकली नाही. २०१४ साली ब्रिस्टल परिसरातल्या मुलांच्या अभ्यासात नवव्या वर्षी रक्तात इंटरल्युकिन-६ हे दाहाशी निगडित प्रथिन जास्त असणाऱ्यांना अठराव्या वर्षी भासांसारखे अनुभव अधिक आढळले. दुवा आहे, पण त्यावरून एकाही मुलाचं भविष्य सांगता येत नाही.

स्किझोफ्रेनियाचं निदान आजही रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलूनच होतं. रक्त तपासतात ते दुसरा आजार नाही ना हे पाहायला, आणि क्लोझापिन हे औषध चालू असेल तर पांढऱ्या पेशी मोजायला.