फोटोबुक बनवायचंय? मग प्रोसेसर नंतर, आधी स्क्रीन बघा

आईबाबांच्या लग्नाला 25 वर्षं झाली की कुणीतरी म्हणतंच, जुने फोटो गोळा करू आणि छोटंसं पुस्तक छापून देऊ. घरातला कॉम्प्युटर जुना, म्हणून नवीन बघायला दुकानात जायचं. "फोटोचं काम आहे" म्हटलं की तिथे थेट ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉप पुढे येतो. साठ-सत्तर हजारांचा.

पण या कामाला तो लागतच नाही.

हिशोब बघा. ए4 कागद मधोमध दुमडला की होतो तो ए5, छोट्या फोटोबुकचा नेहमीचा आकार. चांगल्या छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल धरतात. म्हणजे पानभर फोटोला 1748 गुणिले 2480, साधारण 43 लाख पिक्सेल पुरे. फोनचा 12 मेगापिक्सेलचा कॅमेरा यापेक्षा जवळपास तिप्पट देतो. एवढं काम मधल्या किमतीचा कुठलाही प्रोसेसर आरामात करतो. सोबत एसएसडी हवी आणि रॅम 16 जीबी असलेली बरी. 8 जीबीवरही पुस्तक होतं, फक्त चाळीस पानं आणि ब्राउझर एकत्र उघडलं की वाट बघावी लागते. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, हे घेण्याआधीच विचारा.

खरी गडबड होते स्क्रीनमध्ये.

स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत कोपऱ्यात "45 टक्के एनटीएससी" असं लिहिलेलं असतं. याचा साध्या भाषेत अर्थ, फोटोंसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसआरजीबी रंगांपैकी जेमतेम दोन तृतीयांश रंग ही स्क्रीन दाखवू शकते. आईच्या शालूचा लाल इथे फिका दिसतो. तुम्ही तो वाढवता, आणि छापून येतो तेव्हा भडक. म्हणून आयपीएस पॅनल आणि 100 टक्क्यांच्या जवळपास एसआरजीबी, या दोन गोष्टी विचारायच्याच. दुकानदाराला माहीत नसेल तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर बघा. पेन ड्राइव्हमध्ये घरचे दोन-तीन फोटो न्या आणि स्क्रीनकडे बाजूने पाहा. रंग बदलत असतील तर राहू द्या.

आमचं मत विचाराल तर घरचा कॉम्प्युटर धड चालत असेल, तर नवीन घेऊच नका. त्याला 24 इंची चांगला आयपीएस मॉनिटर जोडा. साधारण दहा हजारांच्या आसपास काम होतं, आणि दोन पानं शेजारी-शेजारी बघता येतात ते वेगळंच.

आणखी एक. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद टाकत नाही. फुल ब्राइटनेसवर छान दिसणारा फोटो छापल्यावर काळवंडतो तो यामुळेच. ब्राइटनेस कमी करा. शेजारी पांढरा कागद धरला तर स्क्रीन त्याच्याइतकीच उजळ वाटली पाहिजे.

आता कितीही भारी मशीन सोडवू शकत नाही असा प्रश्न म्हणजे फॅमिली ग्रुपवरून उचललेले फोटो. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना लहान करतं आणि गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. काकांना फोन करून सांगा, तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लग्नातला अल्बमच असेल तर अल्बमच मागवा आणि स्कॅन करा. छोटा फोटो दुप्पट आकारात छापायचा असेल, तर स्कॅनरवर 300 ऐवजी 600 डीपीआय निवडा.

सगळं जमलं तरी थेट वीस प्रतींची ऑर्डर देऊ नका. आधी एकच प्रत मागवा आणि दिवसाउजेडी, खिडकीपाशी बघा.