गुणावें कीं भागावें?

गुणाकार व भागाकार बिनचूक करणारा विद्यार्थीदेखील शाब्दिक उदाहरण समोर येतांच 'गुणूं कीं भागूं?' असें विचारतो, हा अनुभव पालकांस नवीन नसेल. अशा वेळीं रीत सांगून टाकण्याचा मोह होतो. परंतु त्यानें उत्तर मिळतें व विचार राहून जातो.

पुष्कळ मुलें एखाद्या शब्दावरून रीत ओळखूं पाहतात. 'प्रत्येकीं' दिसलें कीं भागावें, असें तीं मानतात. आतां ५ डब्यांत प्रत्येकीं १२ लाडू असतां एकूण लाडू किती, येथें गुणाकार आहे. आणि ६० लाडू ५ डब्यांत सारखे भरले तर प्रत्येकीं किती, येथें भागाकार आहे. शब्द तोच, रीत निराळी! म्हणून तीन गोष्टी शोधाव्या: गट किती, एका गटांत किती, व एकूण किती. पहिल्या दोन ठाऊक असतां गुणावें. एकूण व त्या दोहोंपैकीं एक ठाऊक असतां भागावें.

दुसरा भ्रम असा कीं, गुणिल्यानें संख्या वाढते व भागिल्यानें घटते. ४८ रुपये किलोची साखर पाव किलो घेतली, तर ४८ ला पावानें गुणून १२ रुपयेच होतात. उलट ३ किलो साखरेच्या पाव पाव किलोच्या पुड्या बांधावयाच्या, तर ३ ला पावानें भागून पुड्या १२ होतात.

तसेंच, जें काम ६ मजूर १० दिवसांत करितात, तें १२ मजूर ५ दिवसांत करितील. माणसें वाढलीं म्हणून दिवस वाढत नाहींत. सन ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती' ग्रंथांत भास्कराचार्यांनीं अशा उदाहरणांसाठीं व्यस्त त्रैराशिक निराळें सांगितलें आहे.

पालकांस आमची विनंति इतकीच, कीं रीत सांगूं नये. उदाहरण मुलाकडून त्याच्याच शब्दांत वदवून घ्यावें, चित्र काढवावें, आणि उत्तर सुमारें किती येईल हें आधीं विचारावें.

एकदां वर्गांत आम्हीं विचारिलें, "एका बाकावर ४ मुलें बसतात, तर ३० मुलांस किती बाकें लागतील?" "सात, बाकी दोन," असें उत्तर तत्काळ आलें. आम्ही म्हणालों, "मग त्या दोघांनीं बसावें कोठें?" क्षणभर सर्व स्तब्ध झाले, मग मागील बाकावरून हळूच आवाज आला, "आठ!" भागाकार त्या मुलास पूर्वींच येत होता, उदाहरण वाचावयास तो त्या दिवशीं शिकला.